गुलमर्गला स्की शिकायला जाताय? आधी दिवसांचा हिशोब करा

काश्मीर सहलीच्या बहुतेक पॅकेजमध्ये गुलमर्गच्या वाट्याला एकच दिवस येतो. सकाळी श्रीनगरहून निघायचं, घाटाच्या पायथ्याच्या टनमर्गला गमबूट आणि जाडा कोट भाड्याने घ्यायचा, गोंडोलाने (केबलकारने) वर जायचं, फोटो काढायचे, संध्याकाळी परत. मध्येच कोणीतरी पायात स्की अडकवतो, दंडाला धरून पन्नास पावलं ओढतो आणि पैसे घेतो. त्याला स्कीइंग म्हणू नये. खरंच शिकायचं असेल तर त्यासाठी वेगळी सुट्टी काढा. दल सरोवर, पहलगाम, सोनमर्ग या वेळी राहू द्या.

किती दिवस हवेत? नोकरदारांना झेपेल असं गणित म्हणजे शनिवार ते पुढचा रविवार, म्हणजे पाच दिवसांची रजा. पहिला शनिवार पोहोचण्यात जातो. रविवार ते शुक्रवार असे सहा दिवस बर्फावर मिळू शकतात, पण त्यातला एखादा हवामान खाईल आणि एखादा तुमचे पाय. उरले चार. उतारावर स्वतःच्या मर्जीने वळता आणि थांबता येण्यासाठी नवख्याला साधारण तेवढेच लागतात. दुसऱ्या शनिवारी खाली श्रीनगरला उतरून मुक्काम करा आणि रविवारी विमान पकडा. गुलमर्गहून थेट विमानतळ गाठण्याचा बेत रात्री बर्फ पडला की कोसळतो. टनमर्ग ते गुलमर्ग हा सुमारे १३ किलोमीटरचा घाट यंत्राने साफ होईपर्यंत बंद राहतो, आणि त्यानंतरही चाकांना साखळ्या नसलेली गाडी वर सोडत नाहीत.

महिना कोणता घ्यावा यावर लोक फार भावनिक होतात. डिसेंबरअखेरची नाताळची सुट्टी सोयीची वाटते, पण तेव्हा खोल्या सगळ्यात महाग असतात आणि बर्फाची खात्री नसते. २१ डिसेंबरपासूनचा चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलान’ काश्मीरमधला सगळ्यात कडक थंडीचा काळ, पण थंडी आहे म्हणजे बर्फ आहेच असं नाही. बर्फ आणतात ते पश्चिमी झंझावात, आणि ते आले नाहीत तर काय होतं ते अलीकडे दोनदा दिसलं. जानेवारी २०२४ चा बहुतेक महिना गुलमर्गचं मैदान तपकिरी होतं. २०२५ मध्ये फेब्रुवारीत ठरलेल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. तरीही एकच काळ निवडायचा तर फेब्रुवारीचे पहिले तीन आठवडे घ्या. मार्चमध्ये दिवस मोठा आणि उबदार असतो, मात्र दुपारी वितळलेला बर्फ रात्री गोठून सकाळी काचेसारखा कडक होतो. त्यावर नवख्याच्या स्कीच्या कडा धरत नाहीत, आणि दुपारी तोच बर्फ चिकट लगदा होऊन पाय ओढतो. घरात दहावी-बारावीचं कोणी असेल तर फेब्रुवारीचा प्रश्न आपोआप मिटतो. अशांनी जानेवारीचा शेवट बघावा आणि रद्द करता येणारं बुकिंग घ्यावं.

मुंबईहून श्रीनगरला थेट विमान मिळत असेल तर दोन-तीन हजार जास्त गेले तरी तेच घ्या. जानेवारीत दिल्लीचं धुकं जोडविमान हमखास चुकवतं. श्रीनगरलाही सकाळी दृश्यमानता कमी असते, म्हणून अकरा ते एकच्या दरम्यान उतरणारं विमान बरं. त्याहून उशिराचं घेतलं तर घाटात अंधार पडतो. श्रीनगर ते गुलमर्ग अंतर पन्नास-एक किलोमीटर. ताजा बर्फ असेल तर टनमर्गला गाडी बदलून साखळ्या लावलेल्या चारचाकी-ड्राइव्ह जीपने वर जावं लागतं. हे भाडं श्रीनगरच्या टॅक्सीत धरलेलं नसतं, तेव्हा ते आधीच विचारा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं. चौघांच्या गटात निदान दोघांकडे पोस्टपेड असू द्या. रोख रक्कम श्रीनगरमध्येच काढा.

शिकवणारा कोण, हे हॉटेलच्या आधी ठरवा. दोन मार्ग आहेत. पहिला संस्थेचा. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था गुलमर्गमध्येच आहे आणि हिवाळ्यात नवशिक्यांचे अभ्यासक्रम घेते. तारखा ठरलेल्या असतात, जागा लवकर भरतात, शिस्त कडक असते, खर्च कमी. एकट्याने जाणाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना आम्ही डोळे झाकून हाच मार्ग सांगू. गुलमर्ग नको असेल तर मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था चौदा दिवसांचा प्राथमिक स्की अभ्यासक्रम चालवते, आणि औलीला गढवाल मंडल विकास निगमचे सात व चौदा दिवसांचे असतात. दुसरा मार्ग खाजगी प्रशिक्षकाचा. तो पर्यटन खात्याकडे नोंदलेला हवा, एका वेळी चारपेक्षा जास्त शिकाऊ घेणारा नको. भाव ठरवताना तीन गोष्टी वेगवेगळ्या वदवून घ्या: दिवसाचे तास किती, स्की-बूट त्यात धरलेत का, लिफ्टचे पैसे कोण देणार. आणि एक प्रश्न जरूर टाका, ‘पहिल्या दिवशी आम्हाला कुठे नेणार?’ उत्तर ‘गोंडोलाने वर’ असं आलं तर दुसरा माणूस शोधा.

बूट

नवख्याची सहल बहुतेक वेळा बुटांमुळे फसते. म्हणून यावर अर्धा दिवस घालवला तरी तो वाया गेला असं समजू नका. स्की बुटाचा नंबर सेंटिमीटरमध्ये असतो, तुमच्या पावलाच्या लांबीइतका. घरीच भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजा. पाऊल २६ सेंटिमीटर असेल तर २६ किंवा २६.५ चा बूट मागा. दुकानदार ‘आरामशीर’ म्हणून २७.५ पुढे करतो आणि तो घातल्यावर बरं वाटतं. तिथेच गडबड होते. मोठ्या बुटात टाच उचलली जाते, ती धरून ठेवायला पायाची बोटं आवळली जातात, पोटरी अर्ध्या तासात भरून येते आणि तुम्ही गुडघा वळवला तरी स्की वळत नाही.

तपासणी अशी करा. बुटात पाय घालून टाच मागे ठोका, बकल हलके लावा आणि सरळ उभे राहा: बोटांची टोकं पुढे लागायला हवीत. आता गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबा: बोटं किंचित मागे सरकायला हवीत आणि टाच जागची हलता कामा नये. दहा मिनिटं तसंच फिरा. पायमोजा एकच, गुडघ्याखालपर्यंतचा आणि पातळ. थंडीच्या भीतीने दोन जोड घातले की घड्या पडतात, रक्तपुरवठा दबतो आणि पाय उलट जास्त गार पडतात. थर्मलची कडसुद्धा बुटात जाऊ देऊ नका. ती मोज्याच्या वर, पोटरीपाशी थांबली पाहिजे. बकल घोट्याकडचं घट्ट, पंजावरची सैलसर.

स्की छाती ते हनुवटीएवढी घ्या. लहान स्की लवकर वळते, आणि लांब स्की घेऊन शान मारण्यात काही अर्थ नाही. काठी उलटी धरून चकतीखाली मूठ धरा. कोपर काटकोनात आलं की उंची बरोबर. बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगवर एक आकडा असतो. पडल्यावर बूट किती जोर लागला की सुटावा, ते त्यावर ठरतं. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य सांगून तो प्रत्येकासाठी वेगळा लावून घ्यायचा असतो. आधीच्या गिऱ्हाइकाचा आकडा तसाच ठेवून स्की हातात दिली तर ती परत करा. आकडा जास्त असेल तर पडताना स्की सुटत नाही आणि पीळ थेट गुडघ्याच्या अस्थिबंधावर येतो. शेवटी स्की उलटी करून तळाचे आणि कडांचे फोटो काढून ठेवा. परत देताना ‘हा ओरखडा तुमचा’ हा वाद टळतो. हेल्मेट मागून घ्यावं लागतं, आपणहून कोणी देत नाही.

कपड्यांचं थोडक्यात: आत पॉलिएस्टर किंवा मेरिनो लोकरीचे थर्मल, मध्ये फ्लीस, वर पाणी आत न येऊ देणारं जाकीट आणि पॅन्ट. सुती बनियन आणि जीन्स दोन्ही बाद. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि थांबलात की अंग गारठतं. टनमर्गचा भाड्याचा कोट उभं राहण्यापुरता ठीक, त्यात हात हलत नाहीत. जलरोधक हातमोज्यांचे दोन जोड न्या. ताजा बर्फ अतिनील किरणं मोठ्या प्रमाणात परतवतो, त्यामुळे गॉगल लागतोच, आणि सनस्क्रीन नाकपुड्यांच्या खाली व हनुवटीखालीही लावावं लागतं.

उतारावरचे दिवस

पहिला दिवस मैदानाच्या कडेच्या बाळ-उतारावर जातो आणि त्यात शान काही नसते. एका पायात स्की घालून सरपटणं, दोन्ही पायांत घालून आडवं चढणं, पडणं, उठणं. उठता न येण्याचं कारण जवळपास नेहमी सारखंच असतं: स्कीची टोकं उताराच्या दिशेने राहतात आणि उठलात की त्या पळतात. आधी दोन्ही स्की उताराला आडव्या करा, त्या शरीराच्या खालच्या बाजूला आणा आणि मग वरच्या बाजूच्या हाताने रेटा द्या. पडायचंच झालं तर बाजूला, कुल्ल्यावर. काठ्यांच्या पट्ट्यांत मनगटं अडकवू नका. पडताना काठी हातात राहिली की अंगठ्याचा सांधा दुखावतो.

मग येते नांगरमुद्रा. पुढची टोकं जवळ, टाचा लांब, स्कीच्या आतल्या कडा बर्फात. सगळे प्रशिक्षक तिला ‘पिझ्झा’ म्हणतात आणि तुम्हीही म्हणाल. वेग आला की माणूस घाबरून मागे झुकतो. मागे झुकला की टोकांवरचा भार जातो, टोकं वळेनाशी होतात, वेग आणखी वाढतो, तो आणखी मागे झुकतो. सह्याद्रीत गड उतरण्याची सवय असलेल्यांना हे सोडणं विशेष जड जातं, कारण घसाऱ्यावर मागे रेलण्याची पायांना सवय असते. इथे उलटं आहे: नडगी सतत बुटाच्या जिभेला टेकलेली, हात समोर, नजर दहा मीटर पुढे. नडगी सुटली की बिघडलं, एवढंच मनात घोका.

दुसऱ्या दिवशी वळणं. डावीकडे वळायचं तर उजव्या स्कीवर भार. तिसऱ्या दिवशी मांड्या संप पुकारतात आणि सगळ्यात जास्त पडापडी होते. त्या दिवशी दुपारी थांबलेलं बरं. बहुतेक दुखापती शेवटच्या ‘अजून एकदा’मध्ये होतात, कारण पाय थकले की नांगर धरत नाही. यासाठी निघण्याआधी सहा आठवडे आठवड्यातून तीनदा उठाबशा, भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं (मिनिटभर, तीन फेऱ्या) आणि दहा मजले जिने उतरणं ठेवा. चढण्यापेक्षा उतरणं महत्त्वाचं.

शनिवार-रविवारी सकाळी साडेदहानंतर बाळ-उतार स्लेजगाड्यांनी आणि सहलीच्या गर्दीने भरतो. नऊला उतारावर असा. उतारावर खालच्या माणसाचा हक्क पहिला. वरून येणाऱ्याने त्याला चुकवायचं असतं. दम घ्यायचा तर कडेला, मधोमध नाही.

गोंडोलाचे दोन टप्पे आहेत. पहिला, १९९८ चा, गुलमर्गच्या सुमारे २,६५० मीटरवरून ३,००० मीटरच्या थोडं वर असलेल्या कोंगडोरीला नेतो; दुसरा, २००५ चा, अफरवट शिखराच्या खांद्यावर जवळपास ४,००० मीटरपर्यंत. चौथ्या-पाचव्या दिवशी तुम्हाला दोन्ही बाजूंना वळून हव्या त्या जागी थांबता येत असेल, तर प्रशिक्षकाबरोबर कोंगडोरीहून खाली उतरून पाहा. दुसऱ्या टप्प्याला स्की न घेता, हवा उघडी असताना, बघायला जा. तिथला खोल, भुसभुशीत बर्फ जगभरच्या स्कीपटूंना ओढतो, पण नवख्याचा त्यात गुडघ्यापर्यंत पाय जातो आणि वळता येत नाही. शिवाय दोरीने आखलेल्या गस्तीच्या हद्दीबाहेर हिमस्खलनाचा धोका खरा आहे: फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर दोन पोलिश स्कीपटू त्यात मरण पावले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. तिघेही नवखे नव्हते. दोरीपलीकडे कोणाच्या स्कीच्या खुणा दिसल्या म्हणजे ती वाट सुरक्षित ठरत नाही.

बर्फवृष्टीच्या दिवशी गोंडोला बंद, वीजही अधूनमधून जाते. खोली बुखारीवर (लाकूड जाळणाऱ्या शेगडीवर) तापत असेल तर झोपताना खिडकीची फट ठेवा. बंद खोलीत कोळसा, कांगडी (निखाऱ्यांचं मडकं) किंवा गॅस हीटर रात्रभर ठेवण्यात कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. ओले बूट बुखारीला चिकटवून ठेवू नका, प्लास्टिकचा आकार बिघडतो. आतलं अस्तर काढून हात-दोन हात लांब ठेवा. पहिल्या रात्री डोकं दुखलं तर बहुधा उंची आणि कमी प्यालेलं पाणी, दारू टाळा. वाढत गेलं किंवा उलट्या झाल्या तर खाली टनमर्गकडे उतरा.

प्रवास विम्यात बहुतेक वेळा ‘साहसी खेळ’ वगळलेले असतात, म्हणून स्कीइंगचा उल्लेख शब्दशः आहे का ते पाहा. पडताना गुडघ्यात ‘टक’ असा आवाज आला आणि काही तासांत सूज चढली तर त्या सहलीत पुन्हा स्की घालू नका. बर्फ लावा, पट्टी बांधा, घरी येऊन एमआरआय करा. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल आणि बरणीचं झाकण उघडताना जोर लागत नसेल, तर मुका मार म्हणून सोडून न देता आठवडाभरात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, कारण तिथला अस्थिबंध पूर्ण तुटला असेल तर शस्त्रक्रिया लवकर करावी लागते.