नवा मॅनेजर आला की आधी वही काढा

आमच्या घरात इंग्लंडमधले तीन फुटबॉल क्लब नांदतात. दादा मँचेस्टर युनायटेडचा, पुतण्या चेल्सीचा आणि मी आर्सेनलची. घर कोल्हापुरात, त्यामुळे फुटबॉलवरून आवाज चढला तरी शेजाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की इथं अख्ख्या पेठा इरेला पडतात. पण मॅनेजर म्हणजे टीम निवडणारा, खेळवणारा मुख्य कोच, आणि 'नव्या मॅनेजरला वेळ द्यायचा की काढायचा' हे भांडण महिनोन्महिने चालतं, आणि आदल्या रात्रीचा स्कोअर ज्याच्या बाजूचा, त्या दिवशी तोच खरा ठरतो. हे मला पटत नव्हतं. म्हणून मी २०२१ पासून एक वही ठेवते. तुम्हीही ठेवा. कशी, ते सांगते.

वही सुरू झाली त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये. शुक्रवारी मध्यरात्रीनंतर जागून आर्सेनलची ब्रेंटफर्डविरुद्धची मॅच बघितली, ०-२ हरलो. पुढच्या रविवारी चेल्सीकडून ०-२. त्यानंतरच्या शनिवारी मँचेस्टर सिटीकडून ०-५. तीन मॅच, एक गोल नाही, नऊ खाल्ले, वीस टीमच्या टेबलात विसावा नंबर. आमचा मॅनेजर मिकेल अर्टेटा डिसेंबर २०१९ मध्ये आला होता. एक एफए कप (इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा) मिळाला होता, पण लीगमध्ये दोन्ही वेळा आठवा नंबर. 'बास झालं आता,' असं मीही म्हटलं.

त्या रात्री झोप लागेना, म्हणून शाळेतल्या शंभर पानी वहीत तिन्ही स्कोअर लिहिले आणि प्रत्येकासमोर एकच गोष्ट लिहिली: मैदानावर कोण नव्हतं. ब्रेंटफर्डला गोल मारणारे ओबामेयांग आणि लाकाझेत दोघंही नव्हते. सिटीविरुद्ध बेन व्हाइट, गॅब्रिएल, पार्टी नव्हते, आणि झाकाला पस्तिसाव्या मिनिटाला रेड कार्ड. बचावातला तोमियासू तर अजून क्लबात यायचाच होता. म्हणजे ज्या टीमवरून मी मॅनेजरला जोखत होते, ती टीम अजून एकदाही मैदानात उतरलेली नव्हती. ११ सप्टेंबरला नॉर्विचविरुद्ध गोलकीपर रॅम्सडेल, व्हाइट, गॅब्रिएल आणि तोमियासू पहिल्यांदा एकत्र खेळले. जेमतेम १-० जिंकलो, पण महिनाअखेर टॉटनहॅमला ३-१ हरवलं. त्या सीझनला पाचवा नंबर आला, पुढच्या तिन्ही सीझनना दुसरा.

तर वहीतला पहिला रकाना हा: कोण नव्हतं. हा रकाना भरल्याशिवाय मॅनेजरबद्दल एक शब्द बोलू नका.

दुसरा रकाना चुकांचा. गोल कसा खाल्ला ते एका ओळीत लिहा. 'कॉर्नर, मागच्या पोस्टवर मोकळा माणूस.' 'आपल्याच गोलकीपरकडून सुरुवात करताना बॉल गमावला.' हरणं-जिंकणं बाजूला ठेवा. पाच मॅचनंतर पानं मागं उलटा. दर वेळी नवी चूक दिसली तर टीम शिकतेय. तीच चूक तीनदा दिसली, आणि पहिल्या रकान्यात सगळे हजर असले, तर ती मॅनेजरच्या नावावर.

तिसऱ्या रकान्यात एक्सजी, म्हणजे 'एक्स्पेक्टेड गोल्स', लिहिते. किती चांगल्या संधी मिळाल्या, त्यावरून किती गोल व्हायला हवे होते, याचा तो हिशेब. पेनल्टी म्हणजे साधारण पाऊण गोल. गोल एक रुपया धरला, तर पंचवीस यार्डांवरून मारलेला बॉल दोन-चार पैशांचा. एका मॅचचा आकडा पाहून काही ठरवू नका, दहा मॅचमधली आपली आणि समोरच्यांची बेरीज करा. बेरीज आपल्या बाजूची आणि गुण मात्र कमी, असं असेल तर थांबायला जागा आहे. उलट असेल, जिंकतोय पण बेरीज विरुद्ध जातेय, तर आनंदात असतानाच काळजी करायला लागा. हे सगळ्यांत अवघड. जिंकल्यावर वही उघडायला कुणाचा हात होत नाही.

आता वादाचं सांगते, कारण वही असली तरी समोरच्याकडे ठरलेली वाक्यं असतात.

दादाचं वाक्य एकच: "अगं, फर्ग्युसनला वेळ दिला म्हणून युनायटेड युनायटेड झालं." खरं आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये तो आला. लीगमधले नंबर अकरावा, दुसरा, अकरावा, तेरावा. सप्टेंबर १९८९ मध्ये सिटीकडून १-५ असा मार खाल्ला. पहिला कप १९९० मध्ये आणि लीग थेट १९९३ मध्ये. पण दादा इथंच थांबतो. मी विचारते, मग फर्ग्युसननंतर आलेल्या मोयेसचं काय? त्याला २०१३ मध्ये सहा वर्षांचा करार दिला आणि एप्रिल २०१४ मध्ये काढलं. सहाही वर्षं ठेवला असता तर तो फर्ग्युसन झाला असता का? दादा यावर गप्प होतो, आणि खरी चर्चा तिथून सुरू होते. फर्ग्युसनच्या त्या वर्षांत टेबलातल्या नंबरात न दिसणारं काहीतरी चाललं होतं. लहान पोरं हेरायची यंत्रणा त्याने नव्याने उभी केली. पुढे युनायटेडचा मोठा खेळाडू झालेल्या रायन गिग्जच्या चौदाव्या वाढदिवसाला तो स्वतः त्याच्या घरी गेला. मोयेसच्या वर्षी आठवते ती फेब्रुवारीतली फुलहॅमविरुद्धची २-२ अशी मॅच. गोलपुढच्या बॉक्समध्ये ऐंशीच्या वर क्रॉस, म्हणजे बाजूने उचललेले बॉल, टाकले, दुसरी वाटच शोधली नाही. म्हणून कुणी फर्ग्युसनचं नाव घेतलं की एवढंच विचारा: आपल्याकडे टेबलात न दिसणारं काय चाललंय, ते दाखव. अकादमीतलं एखादं पोर, बदललेली खेळण्याची पद्धत, जुन्या खेळाडूबद्दल घेतलेला कडू निर्णय, काहीही चालेल. पण दाखवता आलं पाहिजे.

पुतण्याचं म्हणणं बरोबर उलटं. "आत्या, थांबून कुणाचं भलं झालंय? आम्ही काढतो आणि कप जिंकतो." त्याच्याकडे पुरावाही भक्कम आहे. मार्च २०१२ मध्ये व्हिला-बोआसला काढलं, त्याच्या जागी आलेल्या डी मातेओने अडीच महिन्यांत चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सगळ्यांत मोठा कप, जिंकली. जानेवारी २०२१ मध्ये लॅम्पार्डला काढलं, नंतर आलेल्या टुखेलने मे महिन्यात पोर्तो शहरातल्या फायनलमध्ये सिटीला हरवून तोच कप आणला. यावर मला बरेच दिवस उत्तर सुचत नव्हतं. मग ध्यानात आलं, दोन्ही वेळा खेळाडू तयार होते. घर उभं होतं, फक्त सामान नीट लावायचं होतं. आर्सेनलने २०२१ च्या उन्हाळ्यात सहा खेळाडू घेतले, एकही तेविशीच्या पुढचा नव्हता. तिथं पायाच खणायचा होता.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर, सीझन सुरू व्हायच्या आधी, हा प्रश्न लिहा: याला कशासाठी आणलंय? पाया खणायला की सामान लावायला? पायासाठी आणला असेल तर दोन उन्हाळे आणि मधला पूर्ण सीझन द्या. तयार टीम हातात दिली असेल तर पंधरा-वीस मॅच पुरेत. त्याखाली तारीख घाला, पेनने. हरल्याच्या रात्री ती तारीख अलीकडे ओढायची नाही, आणि एखादी डर्बी, म्हणजे शेजारच्या टीमविरुद्धची मॅच, जिंकली म्हणून पलीकडे ढकलायची नाही.

दोन नियम आमच्या घरात सगळ्यांना लागू आहेत. 'काढा' म्हणणाऱ्याने पुढचं नाव सांगायचं, आणि तो या खेळाडूंना घेऊन काय वेगळं करील तेही. नुसतं 'कुणीही चालेल' चालत नाही. दुसरा नियम माझा, आणि तो मी मोडू देत नाही: माणसाच्या बोलण्याची टर उडवायची नाही. अर्टेटाच्या आधी उनाय एमरी आर्सेनलचा मॅनेजर होता तेव्हा त्याच्या 'गुड ईव्हनिंग'च्या उच्चाराची किती नक्कल झाली! मी मराठी शाळेत इंग्रजी शिकवते. उच्चाराला हसल्यावर पोरं तोंड कशी मिटून घेतात, ते रोज बघते. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याला काढलं, ते मला तेव्हाही पटलं होतं. खेळ खरंच विस्कटला होता. पण त्याच माणसाने पुढे स्पेनमधल्या व्हियारेआलला युरोपा लीग, म्हणजे युरोपातला दुसऱ्या क्रमांकाचा कप, जिंकून दिली आणि ॲस्टन व्हिलाला चॅम्पियन्स लीगमध्ये नेलं. तेव्हा खेळाबद्दल हवं तितकं कडक बोला, माणसाबद्दल नको.

ठरलेली तारीख आली आणि वहीतून निकाल निघत नसेल, म्हणजे चुका कमी झाल्यात पण एक्सजीची बेरीज अजून विरुद्धच आहे, तर एकदाच मुदत वाढवा. दहा मॅच. नवी तारीख जुनीच्या शेजारी लिहा, जुनी खोडू नका. आणि त्या दहामध्ये पहिला रकाना आणखी बारकाईने भरा. माझ्या वहीत तो नेहमी सगळ्यांत रुंद असतो.