जुन्या टर्बो गाडीला आफ्टरमार्केट एक्झॉस्ट लावताय? या चुका टाळा

एक्झॉस्ट बदलण्यात काय एवढं, नट काढायचे, पाईप बदलायचा, नट लावायचे, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठीच हे लिहितोय. नव्या गाडीला ते चालेलही. पण तुमची गाडी नव्वदच्या दशकातली आहे, सुप्रा असो, ३००झेडएक्स असो, आरएक्स-७ असो नाहीतर जुनी इम्प्रेझा, तिच्या टर्बोजवळचा प्रत्येक नट इतकी वर्षं तापतोय आणि गार होतोय, वरून पाणी, चिखल, गंज. आणि टर्बो असल्यामुळे पाईप बदलला की फक्त आवाज बदलत नाही, बूस्टसुद्धा (टर्बो ज्या दाबाने इंजिनात हवा कोंबतो तो) बदलतो. हे दुसरं तर कोणी ऐकूनच घेत नाही. सगळ्यांचं लक्ष आवाजाकडे.

सगळ्यात मोठी चूक: टर्बोच्या स्टडवर जोर काढणं

मागचा मफलर कोणीही काढेल. खरा खेळ पुढे आहे, टर्बो आणि डाउनपाइपच्या (टर्बोतून निघणारा पहिला पाईप) जोडावर. फुल लोडला तिथून जाणारा गॅस ८००-९०० अंशांच्या घरात असतो. तिथले नट आणि स्टड (टर्बोच्या हाउसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, बसवलेले आट्यांचे दांडे) एकमेकांना अक्षरशः चिकटलेले असतात, आणि नेमके तेच नट लोक शनिवारी संध्याकाळी काढायला घेतात कारण रविवारी सकाळी गाडी मित्रांना ऐकवायची असते.

एका मित्राच्या धाकट्या भावाचा किस्सा सांगतो. नवा एक्झॉस्ट आलेला, खोक्यातून काढून पुसूनसुद्धा ठेवलेला. रात्रभर तेल मारून ठेव म्हटलं तर म्हणाला दादा एवढा वेळ नाहीये, आत्ता मारतो आणि दहा मिनिटं थांबतो. पहिला नट खरंच सुटला. तिथेच घात झाला, कारण त्यामुळे पठ्ठ्याला वाटलं सगळे असेच सुटणार. दुसऱ्याला पाना लावला, हलेना, मग पान्याच्या दांड्यात लांब पाईप घातला आणि लटकला. आधी कर्रकन आवाज आला आणि मग नट एकदम मऊ फिरायला लागला. तो खूश, सुटला सुटला! मी ओरडेपर्यंत स्टड हाउसिंगच्या तोंडाशी सपाट तुटला होता.

हे हाताला कळायला शिका. नट सुटतो तेव्हा टक्कन झटका बसतो आणि मग तो करकरत, आट्यांवर घासत फिरतो. झटका न बसता रबर पिळल्यासारखा मऊ लागला तर तो सुटत नाहीये, स्टड पिळवटतोय. तिथेच थांबायचं, उलटं फिरवायचं, परत तेल, परत उष्णता.

पुढचं ऐका. त्याने आडवं झोपून हँड ड्रिलने तुटक्या स्टडला भोक पाडलं, अर्थातच मधोमध नाही, एका बाजूला. त्यात एक्स्ट्रॅक्टर (तुटका स्टड पकडून उलटा काढायचं हत्यार) ठोकला आणि तोही आत तुटला. एक्स्ट्रॅक्टर कडक पोलादाचा असतो, त्यावर साधं ड्रिल बिट नुसतं घसरतं. आता टर्बोच खाली काढणं आलं, म्हणजे ऑइल फीड, ऑइल ड्रेन, कूलंटच्या लाइनी आणि मॅनिफोल्डचे नट. त्यातलेही दोन स्टड तुटले. शेवटी हाउसिंग मशिन शॉपला गेलं, तिथे स्पार्क इरोजनने (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून) तुकडा काढला, आणि तोपर्यंत गाडी स्टँडवर आणि नवा एक्झॉस्ट भिंतीला टेकून. दहा मिनिटं वाचवायला गेला होता!

माझी सवय सांगतो, पुस्तकात काय लिहिलंय ते माहीत नाही. काम सकाळी असेल तर आदल्या रात्री इंजिन गार असताना चांगलं पेनिट्रेटिंग ऑइल मारायचं, सकाळी उठल्यावर परत. साधा डब्ल्यूडी-४० मारून मी केलं की म्हणणारे खूप आहेत, तो मुळात पाणी पळवायला बनलेला आहे, अशा नटाला त्याचा विशेष उपयोग नाही. सॉकेट सहा कोनांचंच, बारा कोनांचं जुन्या नटाचे कोपरे गोल करतं. पान्याला लावलं की सोडवायच्या आधी किंचित घट्ट करायच्या दिशेला दाब द्यायचा, मग सोडायच्या, मग परत मागे, असं पुढे-मागे करत गंज मोकळा करायचा. नाहीच ऐकलं तर गॅस टॉर्चच्या ज्योतीने नट तापवायचा, स्टड नाही, नट फुगला पाहिजे. गरम नटाला मेणबत्ती टेकवली की मेण आट्यांत ओढलं जातं, जुनी युक्ती आहे पण चालते. टॉर्च पेटवायच्या आधी फ्युएल लाइन कुठून जाते ते बघा आणि अग्निशामक हाताशी ठेवा. आणि ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेवर टॉर्च किंवा वेल्डिंग अजिबात नको, क्लोरीनवाला असेल तर त्यातून फॉस्जीन होतो, तो विषारी वायू आहे, गंमत नाही.

इम्पॅक्ट गनबद्दल विचारू नका. नट एकदा हलला की खुशाल वापरा. जो हललाच नाही त्याला गन लावणं म्हणजे स्टड तोडायला मोटर लावणं.

तरी तुटलाच तर? थोडा जरी बाहेर असेल तर त्यावर नवा नट ठेवून आतून वेल्ड करायचा. वेल्डिंगची उष्णताच निम्मं काम करते, लाली उतरली की हळूहळू पुढे-मागे फिरवत काढायचा. अगदी सपाट तुटला असेल तर सेंटर पंचने बरोब्बर मध्ये खूण करून डावे ड्रिल बिट, उलटे फिरणारे, पुष्कळदा भोक पाडता पाडताच तुकडा बाहेर येतो. एक्स्ट्रॅक्टर मी शेवटपर्यंत हातात घेत नाही.

लावताना स्टड, नट, गॅस्केट सगळं नवीन. तांब्याचा मुलामा असलेले लॉक नट घ्या. स्टेनलेसच्या स्टडवर स्टेनलेसचा नट कोरडा लावू नका, दिसायला झकास पण आटे एकमेकांत रुततात आणि पुढच्या वेळी वरची कथा पहिल्यापासून. अँटीसीझ (आटे चिकटू न देणारी पेस्ट) लावा, पण मॅन्युअलमधला टॉर्क कोरड्या आट्यांसाठी असेल तर तोच आकडा तेलकट आट्यांवर जास्त घट्ट होतो, थोडा कमी ठेवा.

दुसरी चूक, जी इंजिन घेऊन जाते: बूस्टकडे न बघणं

"थोडं बॅकप्रेशर लागतंच" हे वाक्य अजून ऐकतो. टर्बोच्या मागे ते अजिबात लागत नाही. टर्बाइन फिरतं ते त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातल्या फरकावर. मागचा रस्ता मोकळा केला की टर्बो लवकर फिरतो, मस्त वाटतं, त्यासाठीच तर खर्च केला. पण वेस्टगेटचं (जास्तीचा गॅस टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) भोक कंपनीने कोंडलेल्या एक्झॉस्टचा हिशोब करून ठेवलेलं असतं. आता वेस्टगेट पूर्ण उघडूनही पुरेसा गॅस बाजूने जात नाही आणि आरपीएम वाढेल तसा बूस्ट चढत राहतो. याला बूस्ट क्रीप म्हणतात. स्पाइक वेगळा, तो क्षणभर उडी मारून खाली येतो. क्रीप खाली येत नाही, रेडलाइनपर्यंत चढतच जातो, आणि थंड हवेत, वरच्या गिअरला आणखी.

एफडी, म्हणजे तिसऱ्या पिढीची दोन टर्बोंची आरएक्स-७, याचं सगळ्यात माहितीतलं उदाहरण. स्टॉकला बूस्ट साधारण १० पीएसआय, दुसरा टर्बो जोडला जाताना थोडा खाली ८ ला, परत १०. डाउनपाइप, कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आणि मागचा पाईप सगळंच मोकळं केलं की तो चढायला लागतो, स्टॉक फ्युएल पुरत नाही, मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), डिटोनेशन (मिश्रणाचा बेताल स्फोट), आणि रोटरी इंजिनात डिटोनेशन म्हणजे अपेक्स सील (रोटरच्या टोकावरची पट्टी) गेला. पिस्टनवाल्यांनी हसू नये, तुमच्या रिंगलँडही (पिस्टनवर रिंगांच्या मधल्या कडा) तशाच तुटतात.

बरं, क्रीपच्या नावाखाली भलतंच निघालेलंही बघितलंय. एकाची जुनी टर्बो कूपे, नवीन डाउनपाइप लावल्यापासून ४,००० आरपीएमच्या पुढे पाय दाबला की कोणीतरी ब्रेक मारल्यासारखी अडकायची. फ्युएल कट लागत होता. बूस्ट मर्यादेबाहेर गेला म्हणून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल बंद करून इंजिन वाचवत होता, आणि हे साहेब काय करायला निघाले होते तर फ्युएल कट होऊ नये म्हणून सिग्नल फसवणारा डबा लावायला! कोणीतरी सुचवलेलं. शॉर्टकट सुचवणाऱ्याचं इंजिन नसतं ना ते.

डाउनपाइप खाली घेतला. आत फ्लँजजवळ वेल्डिंगचा एक जाड गोळा आणि त्यावर चंद्रकोरीएवढा चकचकीत घासल्याचा डाग. वेस्टगेटचं झाकण उघडताना तिथे आपटत होतं, जेमतेम अर्धं उघडायचं. गोळा ग्राइंडरने घासून सपाट केला, पाईप आतून साफ केला, परत लावला. विषय संपला.

म्हणून पाईप चढवायच्या आधी गॅस्केटसकट फ्लँज जागेवर धरा आणि वेस्टगेटचं झाकण शेवटपर्यंत उघडतं का ते हाताने किंवा ते उघडणाऱ्या ॲक्चुएटरला हँडपंप लावून बघा. दोन मिनिटांचं काम. बूस्ट गेज नसेल तर आधी गेज लावा आणि मग एक्झॉस्ट, हा क्रम मी कोणासाठी बदलत नाही. पहिली चाचणी डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजायचं यंत्र) किंवा बंद ट्रॅकवर, तिसऱ्या गिअरला, आधी अर्धा थ्रॉटल मग पूर्ण, गेजवर नजर शेजारी बसलेल्याची, आणि काटा नेहमीच्या पुढे सरकला की पाय वर.

क्रीप निघाला तर बूस्ट कंट्रोलरने तो कमी होत नाही. कंट्रोलर वेस्टगेटच्या स्प्रिंगच्या दाबापेक्षा वर नेऊ शकतो, खाली आणू शकत नाही. वेस्टगेटचं भोक मोठं करून घ्या, एक्स्टर्नल वेस्टगेट लावा, नाहीतर गपचूप कॅट परत बसवा. तसंही कॅट काढून रस्त्यावर फिरणं बऱ्याच ठिकाणी बेकायदा आहे आणि वासही घाण येतो.

बाकीच्या चुका

प्रत्येक जोड लावला की लगेच घट्ट करणं. मग शेवटी टोक बंपरला टेकतं आणि लोक रबर हँगर ओढून-ताणून बसवतात. सगळं आधी सैल टांगायचं, प्रॉपशाफ्ट, ब्रेक लाइन, हँडब्रेकची केबल यांच्यापासून अंतर बघायचं, मग टर्बोकडून मागे घट्ट करत जायचं. १ मीटर ३०४ स्टेनलेस पाईप ५०० अंशांनी तापला की ८-९ मिलिमीटर लांब होतो, त्यामुळे गार असताना जे जेमतेम सुटलेलं दिसतं ते गरम झालं की टेकणारच.

फ्लँजला सिलिकॉन सीलंट फासणं. टर्बोजवळ ते जळून जातं. फ्लँज वाकडी असेल तर सरळ करून घ्या.

लीककडे "होईल नीट" म्हणून दुर्लक्ष. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी लीक असेल तर गॅसच्या दोन धक्क्यांमधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला लीन वाटतं, ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतो. गार इंजिनला टिकटिक आणि गरम झाल्यावर बंद, हे लीकचंच लक्षण, बरं झालं असं समजू नका. गार असताना टेलपाइपमधून व्हॅक्यूम क्लीनरच्या फुंकणाऱ्या बाजूने हवा फुंका आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे सांगतील.

ऑक्सिजन सेन्सर साध्या पान्याने काढून वायर पिळणं. खाचेचं सॉकेट मिळतं, ते घ्या. अँटीसीझ फक्त आट्यांना, टोकाला लागलं की सेन्सर खराब.

खडखडतो म्हणून हीट शील्ड फेकून देणं. शील्डच्या वर फ्युएल लाइन आणि वायरिंग आहे. क्लॅम्प लावा, फेकू नका.

रबर हँगर काढायला ग्रीस. रबर फुगतं. साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन स्प्रे.

नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरणं. यावर मी वाद घालत नाही.

पहिल्यांदा चालू केल्यावर धूर निघाला की घाबरून फोन करू नका, पाईपवरचं तेल आणि तुमच्या बोटांचे ठसे जळतायत (लावायच्या आधी अ‍ॅसिटोनने पुसला असता तर ठसे कायमचे उमटलेही नसते). दोन-चारदा गरम-गार झाल्यावर सगळे नट गार इंजिनला परत तपासा, एखादा सैल झालेला असतोच. धूर मात्र दुसऱ्या दिवशीही येत असेल आणि वास गोडसर असेल तर ते कूलंट आहे, काम करताना टर्बोची लाइन हललेली असणार, गाडी बंद करा आणि तिथे बॅटरी मारून बघा.