शिबिरानंतरचे ध्यान टिकवताना

इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांचे विपश्यना शिबिर करून परतलेला साधक पहिल्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ एकेक तास नेमाने बसतो आणि महिना उलटत नाही तोच, ‘काहीच फरक पडत नाही’ म्हणून आसन गुंडाळून ठेवतो. शिबिरात मौन होते, मोबाइल नव्हता, जेवण तयार मिळत होते; घरी कुकरच्या शिट्ट्या असतात, त्यामुळे तिथल्या एकाग्रतेशी इथली तुलना करणे मुळातच अन्यायाचे आहे.

तास जमत नसेल, तर वीस मिनिटे आनापान करावे, म्हणजे नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास फक्त पाहावा. मात्र वेळ आणि जागा बदलू नये. मन भरकटल्याचे लक्षात येणे हाही साधनेचाच भाग आहे, हे उमगले की निम्मी निराशा ओसरते. बैठक चांगली झाली की वाईट, याचा हिशेब ठेवू नये. बसलेल्या दिवसावर कॅलेंडरवर फुली मारावी, एवढे पुरे. फरक शोधायचाच, तर तो आसनावर शोधू नये. दूध उतू गेले की माझा आवाज आजही चढतो, पण तो खाली यायला आता अर्धा दिवस लागत नाही, हे मला सहा महिन्यांनी, आणि तेही घरच्यांनी सांगितल्यावर कळले.

जवळपास सामूहिक साधना होत असेल, तर आठवड्यातून एकदा जावे. बसल्यावर भीती किंवा उदासी वाढतच गेली, तर मात्र हट्टाने रेटू नये. थांबून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.