सिंहाआधी गवत वाचायला शिका

पर्यटकांचे गट घेऊन पूर्व आफ्रिकेत जायचं काम मी पहिल्यांदा स्वीकारलं, तेव्हा माझी तयारी पाच नावांची होती: सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि आफ्रिकी म्हैस. यालाच 'बिग फाइव्ह' म्हणतात. पायी पाठलाग करून मारायला सर्वांत अवघड आणि धोक्याचे प्राणी म्हणून शिकाऱ्यांनी ही नावं एकत्र आणली, हे मला फार उशिरा कळलं. टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानातल्या पहिल्याच सकाळी गाडी थांबली. समोर तीन प्रकारचे प्राणी चरत होते. मागच्या सीटवरच्या आजींनी विचारलं, "हे कुठलं रे हरीण?" मला एकाचंही नाव सांगता आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

त्यातलं एकही हरीण नव्हतं. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला हरणांची एकही मूळ जात नाही. हरणाच्या शिंगांना फाटे फुटतात, ती दरवर्षी गळतात आणि नव्याने उगवतात. समोर होते ते कुरंग, म्हणजे इंग्रजीतले अँटिलोप. कुरंगाची शिंगं एकदा आली की जन्मभराची. आपलं काळवीटही कुरंगच, पण बोलताना आपण सगळ्यांना हरीण म्हणून मोकळे होतो. या कामात येणाऱ्याने ही सवय आधी सोडावी.

मग सुरुवात लहान कुरंगांपासून करा. अंगावर बाजूने ठसठशीत काळा पट्टा आणि सतत हलणारी काळी शेपटी दिसली तर ते थॉमसनचं गॅझेल. अंगाने मोठं आणि मागचा पांढरा रंग शेपटीच्या वर पाठीपर्यंत चढलेला असेल तर ते ग्रँटचं गॅझेल. या दोघांत माद्यांनाही शिंगं असतात. इंपालात मात्र ती फक्त नरांना असतात. तिथे मागच्या पायाच्या घोट्याजवळचा काळा केसांचा झुपका बघा. रंग उन्हात फसवतो, म्हणून मी आधी शेपटी आणि मागची बाजू बघायची सवय लावून घेतली. नाहीतरी बहुतेक प्राणी आपल्याला पाठमोरेच दिसतात.

नावं बसली की कोण काय खातं ते बघा. मला सगळ्यांत जास्त याच टप्प्याने शिकवलं. झेब्र्याला वर-खाली दोन्हीकडे पटाशीचे दात असतात आणि त्याचं पोट घोड्यासारखं असतं, त्यामुळे उंच, राठ गवत तो आधी कापतो. विल्डबीस्ट हा गाईसारखा दिसणारा मोठा कुरंग रवंथ करणारा, त्याला वरच्या पटाशी नसतात. झेब्रा पुढे गेला की खालचं उघडं पडलेलं पानांचं गवत तो खातो. त्यामागून येणाऱ्या थॉमसनच्या गॅझेलला जमिनीलगतचे कोवळे कोंब मिळतात. एकाच माळावर तिघं एका पंगतीत का बसतात, याचं उत्तर त्यांच्या दातांत आहे. सेरेंगेटी आणि शेजारच्या केनियातल्या मसाई माराच्या दरम्यान फिरणारे दहा लाखांहून जास्त विल्डबीस्टही पाऊस आणि ताजं गवत यांच्याच मागे असतात. फेब्रुवारीच्या सुमारास दक्षिणेच्या आखूड गवताच्या माळावर त्यांची बहुतेक वासरं दोन-तीन आठवड्यांत जन्मतात. एकाच वेळी इतकी वासरं आल्यावर शिकारी खाऊन खाऊन किती खाणार? तेवढ्याने बरीच वाचतात.

शिकारी प्राण्यांत आपल्या लोकांचा हमखास घोटाळा होतो तो बिबट्या आणि चित्ता यांच्यात. चित्त्याचे ठिपके भरीव असतात आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ ओघळलेली असते. बिबट्याच्या अंगावर फुलासारखी वलयं असतात. चित्ता डरकाळी फोडत नाही, पाखरासारखा चिवचिवाट करतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी झाडावर पक्षी शोधत बसलो होतो.

तरसाबद्दल मला मनापासून सांगायचंय. गाडीत कुणीतरी "उष्टं खाणारा" म्हणतंच. हान्स क्रूक या शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात सेरेंगेटीत आणि जवळच्या न्गोरोंगोरो या ज्वालामुखीच्या विवरात रात्री-अपरात्री त्यांच्या मागे राहून दाखवून दिलं की ठिपकेदार तरस स्वतः शिकार करतात, आणि न्गोरोंगोरोत कित्येकदा त्यांचीच शिकार सिंह बळकावतात. कळपात मादी नरापेक्षा मोठी असते आणि सत्ताही तिचीच. हे सांगितल्यावर लोक त्या प्राण्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. हा बदल मी अनेकदा पाहिलाय.

हत्तीच्या बाबतीत ओळखीपेक्षा देहबोली महत्त्वाची. कान पसरून, डोकं उंच करून, धूळ उडवत येणारा हत्ती बहुधा धमकावत असतो. कान मागे दाबलेले आणि सोंड आत वळवलेली दिसली तर ते गंभीर समजा. नराच्या डोळा आणि कानामधून स्राव वाहत असेल तर तो माजावर आहे, लांबूनच निघा. पाणघोड्याची जांभई ही झोपेची नसते, ती दटावणी असते. गाडी किती जवळ न्यायची हे ड्रायव्हरवर सोडा. फोटोसाठी "थोडं पुढे" असा आग्रह गटातून झाला तर तो मोडून काढणं हे आपलं काम.

ड्रायव्हरकडून शिकायचं तर स्वाहिली नावं पाठ करा: सिंबा (सिंह), चुई (बिबट्या), डुमा (चित्ता), टेंबो (हत्ती), ट्विगा (जिराफ), फिसी (तरस), न्युंबू (विल्डबीस्ट). झेब्रा म्हणजे पुंडा मिलिया, पट्ट्यापट्ट्यांचं गाढव. 'सफारी' म्हणजे प्रवास, आणि त्याचं मूळ अरबी 'सफर' आपल्याही तोंडी आहे. दोन-चार नावं त्यांच्या भाषेत उच्चारली की ते आपणहून जास्त सांगू लागतात. सोबत आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण आणि एक वही ठेवा. वहीत नावापुढे तो प्राणी काय करत होता ते लिहा, नुसती खूण नको.

अलीकडच्या एका फेरीत मसाई मारामध्ये दुपारी सगळे पेंगत होते. गटातली एक शाळकरी मुलगी म्हणाली, "काका, ते तिन्ही जिराफ एकाच दिशेला का बघतायत?" मी ड्रायव्हरला खूण केली, त्याने इंजिन बंद केलं. वीस मिनिटं काहीच घडलं नाही. जिराफ हलले नाहीत, म्हणून आम्हीही हललो नाही. मग गवतातून सिंहिणीचा एक कान वर आला.