पेरोव्स्काइट सोलर सेल स्वस्त करायचाय? आधी वाया काय जातं ते मोजा

पेरोव्स्काइट म्हणजे विशिष्ट स्फटिकरचनेचा, प्रकाश शोषणारा पदार्थ. त्याचे सोलर सेल बनवायच्या क्षेत्रात आल्यावर सगळ्यात आधी स्पिन कोटर, म्हणजे काच फिरवून द्रावण पसरवणारं मशीन, शिकवतात. मलाही शिकवला. काचेवर पिवळं द्रावण सोडायचं, काच गरगर फिरवायची, नेमक्या सेकंदाला वरून क्लोरोबेन्झीन हे द्रावक टाकायचं, म्हणजे थराचे स्फटिक पटकन धरतात. मग काच १०० अंशांच्या हॉटप्लेटवर ठेवली की पिवळा थर बघता बघता काळपट तपकिरी होतो. ते बघायला मी अजूनही थांबते. पण संध्याकाळी मशीनची वाटी पुसताना दिसलं, की बहुतेक द्रावण वाटीच्या कडेला उडालंय. खर्चाचा विचार मी तिथून करायला लागले.

कागदावर हा सेल स्वस्तच आहे. सिलिकॉन वितळवायला १४०० अंशांच्या वर जावं लागतं. इथे प्रकाश शोषणारा थर जेमतेम अर्धा मायक्रॉन जाड, तोही शंभरेक अंशांत तयार. मग पैसा कशात जातो? वाहक लेप दिलेल्या काचेत, स्पायरो-ओमेटॅड या धन विद्युतभार वाहून नेणाऱ्या पदार्थात, निर्वातात चढवलेल्या सोन्यात. सोन्याच्या जागी कार्बनची पेस्ट छापता येते. कार्यक्षमता थोडी घटते, पण मला तो व्यवहार पटतो.

२००९ मध्ये जपानी संशोधक मियासाका यांच्या गटाने केलेला सेल ३.८ टक्के कार्यक्षमतेचा होता. आज प्रयोगशाळेतले सेल २६ टक्क्यांच्या पुढे गेलेत, आणि नवीन मुलं त्याच आकड्यामागे लागतात. पण ते सेल नखाएवढे असतात! त्यापेक्षा स्लॉट-डाय कोटिंग, म्हणजे अरुंद फटीतून द्रावण सोडत काचेवर थर देणं, शिका, असं मी कळकळीने सांगेन. त्यात द्रावण जवळजवळ सगळं काचेवरच पडतं. मात्र मोठ्या काचेवर क्लोरोबेन्झीनची युक्ती चालत नाही, नायट्रोजनच्या झोताने थर वाळवावा लागतो. झोत किंचित तिरका झाला तरी रेघा उठतात. माझे पहिले दोन महिने त्या रेघा आणि पिनहोल, म्हणजे थरातली बारीक छिद्रं, मोजण्यातच गेले. ते वाया गेले नाहीत, कारण एका पिनहोलमधून वरचा-खालचा थर चिकटला की तेवढ्यापुरता सेल शॉर्ट होतो, आणि टाकून द्यावं लागलेलं प्रत्येक मॉड्यूल उरलेल्यांची किंमत वाढवतं.

टिकाऊपणाही खर्चातच धरा. ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास काढू न शकणारा सेल कितीही स्वस्तात बनला तरी त्याची वीज महागच पडते. म्हणून कडा सील करायचं काम कंटाळवाणं समजून टाळू नका.

वहीत प्रत्येक प्रयोगासमोर दोन आकडे लिहा: किती मिलिलिटर द्रावण घेतलं आणि किती चौरस सेंटिमीटर चांगला थर मिळाला. या द्रावणात शिसं असतं, म्हणून तो कचरा वेगळ्या डब्यात टाका आणि त्याची विल्हेवाट लावायचा खर्चही त्याच पानावर मांडा.