सासूबाई एक सांगतात, आई दुसरंच: गरोदरपण-बाळंतपणातल्या सल्ल्यांचं काय करायचं?

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीत सातवा महिना लागलेली बाई लिफ्टमध्ये शिरली, की तळमजला येईपर्यंत तिला तीन सल्ले मिळालेले असतात. पाचव्या मजल्यावरच्या काकू पोटाचा आकार बघून "मुलगाच" म्हणतात. तिसऱ्या मजल्यावरून चढलेल्या आजी नारळपाणी प्यायला सांगतात, बाळ गोरं होतं म्हणे. आणि दोघी मिळून तिच्या चपलांकडे बघून मान हलवतात. यात वाईट हेतू कोणाचाच नसतो, आणि पंचाईत तिथेच होते. रागावता येत नाही, ऐकता येत नाही, आणि रात्री झोप लागत नाही ती वेगळीच.

आधी काळजीचे दोन भाग करा

एक साधी वही घ्या. एका पानावर "आत्ता विचारायचं", दुसऱ्यावर "पुढच्या तपासणीला विचारायचं". मनात आलेली प्रत्येक शंका यातल्या एका पानावर लिहायची. पाय दुखतात, जळजळ होते, केस गळतात, बाळाचं डोकं चपटं दिसतं, ही सगळी दुसऱ्या पानाची मंडळी. त्यातल्या निम्म्या शंका तपासणीच्या तारखेपर्यंत आपोआप खोडल्या जातात.

पहिलं पान मात्र घरातल्या सगळ्यांना पाठ हवं. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणं, सहन न होणारी डोकेदुखी किंवा डोळ्यांसमोर अंधारी, चेहऱ्यावर अचानक सूज, ताप, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी होणं: यातलं काहीही असलं तर त्याच वेळी दवाखाना. हालचाल कमी वाटली तर "गोड खाऊन बघ, उद्या बघू" हा सल्ला कोणीही दिला तरी ऐकायचा नाही. बाळंतपणानंतर तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, एकाच पायाला सूज आणि दुखणं, छातीत दुखणं किंवा धाप लागणं हेही याच पानावर. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, तर क्रोसिनचे थेंब घरी देत बसायचं नाही.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. संध्याकाळी सात वाजता घोडबंदरहून ठाणे शहरात पोचायला किती वेळ लागतो ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून आठव्या महिन्यातच ठरवून ठेवा: रात्री कुठल्या रस्त्याने, कोणाच्या गाडीने, आणि वाटेत अडकलो तर जवळचं दुसरं रुग्णालय कुठलं. 108 ची रुग्णवाहिका मोफत असते, तो आकडा फ्रिजवर चिकटवा. हे एकदा ठरलं की रात्रीची बरीच धाकधूक कमी होते.

मग सल्ला गाळा

सल्ला देणाऱ्याचं वय बघू नका, तो पाळल्याने काय बिघडेल ते बघा. आणि तो कुठल्या घरात तयार झाला तेही.

शेकशेगडीचंच घ्या. कौलारू घर, मोठी पडवी, वर धूर जायला फटी. तिथे ओवा आणि बाळंतशेपा टाकून शेगडी पेटवली तर धूर निघून जायचा. कोपरखैरण्याच्या वन बीएचकेत, "वारा लागेल" म्हणून काचा ओढून तोच निखारा ठेवला तर धूर आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू खोलीतच राहतात, बाळासकट. सल्ला आजीच्या घरी बरा होता, या घरी नाही. शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी आहे.

"दोन जिवांचं खा" हाही तसाच. दिवसभर शेतात राबून अर्धपोटी राहणाऱ्या बाईला तो योग्यच होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशींत गरोदर बाईला रोजचे साधारण 350 उष्मांक जास्त सांगितले आहेत. म्हणजे एखादी पोळी, वाटीभर उसळ आणि एखादं फळ. दुप्पट जेवण नव्हे.

बिनधोक सल्ले खुशाल पाळा. डिंकाचे लाडू, बाळंतपणानंतरची आळिवाची खीर, दृष्ट काढणं, कानाला रुमाल बांधणं: यात नुकसान नाही आणि करणाऱ्याचा जीव सुखावतो. (लाडू रोज किती खायचे हा वेगळा प्रश्न आहे, विशेषतः साखर वाढलेली असेल तर.) केशराने रंग उजळत नाही, पण चिमूटभर केशराचं दूध चवीला छान लागतं, तेवढ्यासाठी प्या. पिकलेली पपई बेताने खाल्ली तर चालते, टाळायची ती कच्ची, तिच्यात चीक असतो. ग्रहणात भाजी चिरल्याने बाळाला काही होत नाही. मात्र ग्रहण पाळायचं म्हणून तासन् तास उपाशी आणि बिनपाण्याचं राहू नका.

स्पष्ट नकार द्यायचा तो थोड्याच गोष्टींना, पण तिथे ढिलाई नको. पहिल्या दिवसांचं घट्ट पिवळसर दूध, म्हणजे चीक, काढून टाकायला सांगतात. तो बाळाला पाजायचाच, शक्यतो पहिल्या तासात. मधाचं बोट एक वर्षापर्यंत नाही, त्यातून बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. काजळात शिसं असू शकतं. कानानाकात तेल घालायचं नाही. बाळंतिणीला "पाणी कमी पी, पोट सुटेल" म्हणणारे भेटतील, तर अंगावर पाजणाऱ्या बाईला उलट पाणी जास्त लागतं. आणि गुटी. जांभळी नाक्यावरून हौसेने आणलेली मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, खारीक, बदाम. सहाणेवर प्रत्येकाचे दोन-चार वळसे. दिसायला इतकं प्रेमळ की नको म्हणवत नाही. पण जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध सांगते, पाणीसुद्धा नाही. सहाण आणि पाणी यांतून जंतू पोटात जायला वेळ लागत नाही.

नकार कोणी द्यायचा?

ज्याची आई, त्याने. सुनेने सासूबाईंना शास्त्र सांगायला गेलं की विषय गुटीचा राहत नाही, मानापमानाचा होतो. नवऱ्याने स्वयंपाकघरात जाऊन एवढंच म्हणावं:

"आई, डॉक्टरांनी सहा महिने वरचं काही द्यायचं नाही सांगितलंय. गुटी राहू दे. पण आंघोळ मात्र तूच घाल, आम्हाला दोघांनाही धीर होत नाही."

दुसरं वाक्य महत्त्वाचं. आजीच्या हातातून एक काम काढलं तर दुसरं द्यायला हवं. माहेरच्या आईशी बोलायचं काम तुमचं. मालिशवाल्या मावशींना मात्र कोणीही सांगितलं तरी चालतं: हात हलका, बाळाला उलटं टांगायचं नाही, आणि सिझेरियन असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत आईच्या पोटाला हात नाही.

विचारायची जागा एकच ठेवा

बाळ होईपर्यंत तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ, नंतर बाळाचे डॉक्टर. दोन डॉक्टर वेगळं सांगत असतील तर घाबरण्याआधी दोन प्रश्न विचारा: "हे नाही केलं तर काय होईल?" आणि "किती दिवस थांबता येईल?" पुष्कळदा उत्तरं वेगळी नसतात, घाई वेगळी असते. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर सरकारी आरोग्य केंद्रांत आणि रुग्णालयांत दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी होते. वही घेऊन जा. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नये, लोहाच्या गोळीवर चहा नको, असल्या बारीकसारीक गोष्टी तिथेच विचारून घ्या.

व्हॉट्सअॅपचे ग्रुप म्यूट करा. सोडायची गरज नाही, सेकंडहँड पाळणा तिथेच मिळतो.

"दूध पुरत नाही" या वाक्याचं काय?

बाळ रडलं की पहिलं हेच वाक्य येतं, आणि बाईच्या सगळ्यात जिव्हारी लागतं ते हेच. इथे मत नको, मोजमाप हवं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळ 24 तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी करतंय का? सुरुवातीला वजन 10 टक्क्यांपर्यंत उतरू शकतं, ते साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत आलं का? दोन्ही उत्तरं हो असतील तर दूध पुरतंय, कोणी काहीही म्हणो. नसेल तर डब्याच्या पावडरीकडे वळण्याआधी बाळ स्तन नीट तोंडात धरतं का, ते डॉक्टरांना किंवा परिचारिकेला दाखवा. बाळाचं रडणं साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत वाढतं, मग तीन-चार महिन्यांत ओसरतं. संध्याकाळचं रडणं तर बहुतेक बाळांच्या नशिबी असतंच.

मन थाऱ्यावर नसेल तर

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कारण नसताना रडू येणं अगदी सर्रास आहे. ते दोन आठवड्यांत निवळतं. त्यापुढेही उदास वाटत राहिलं, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. अंगावर पाजताना घेता येतील अशी औषधंही आहेत. "आम्ही नाही का पोरं वाढवली" हे वाक्य या बाबतीत निरुपयोगी आहे. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार आला, नसलेलं काही दिसू-ऐकू लागलं, तर बाईला एकटं न ठेवता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. तिला स्वतःला फोन लावायचं बळ नसेल, तर नवऱ्याने, बहिणीने किंवा सासूबाईंनी लावला तरी चालतो.