सामना पोरांचा, कागद आपले

क्रिकेट संघटनेचं वेळापत्रक आलं की क्लबात पहिला वाद सलामीच्या जोडीवरून होतो. तो प्रशिक्षकांना घालू द्या. सोळा वर्षांखालच्या संघाचं व्यवस्थापन तुम्ही या मोसमात पहिल्यांदाच अंगावर घेतलं असेल, तर तुमचं काम एका फाइलपासून सुरू होतं, आणि तेही सामन्याच्या निदान दहा दिवस आधी. पुण्यातल्या एका छोट्या क्लबासाठी मी हे काम बरीच वर्षं केलं. पुढे लिहितोय ते निमंत्रितांच्या स्पर्धेतल्या दोन दिवसांच्या सामन्यांसाठी. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या निवड समितीच्या डोळ्यांत मुलगा भरतो तो अशाच सामन्यांत, आणि असे सामने त्याच्या वाट्याला मोसमात बोटांवर मोजण्याइतकेच येतात. त्यातला एक आपल्या निष्काळजीपणानं गेला, तर तो त्याला परत आणून देता येत नाही.

तर फाइल. प्रत्येक मुलाचा जन्मदाखला, आधार कार्ड, शाळेचं बोनाफाईड आणि फोटो एका प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला आणि पाकिटावर त्याचं पूर्ण नाव लिहा. मग निवांत बसून तिन्ही कागदांवरचं नाव अक्षरन् अक्षर ताडून बघा. दाखल्यावर आडनाव शेवटी, शाळेत आडनाव आधी, आधारवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच, असं दर वर्षी दोघा-तिघांचं तरी निघतं. ही दुरुस्ती एका दिवसात होत नाही, म्हणून तर दहा दिवस. जन्मतारखेच्या बाबतीत पालकांच्या शब्दावर विसंबू नका. ते खोटं बोलतात म्हणून नव्हे, तर ‘सोळावं चालू’ आणि ‘सोळा पूर्ण’ यांत घरोघरी गोंधळ असतो. भारतीय क्रिकेट मंडळाच्या वयोगटांच्या स्पर्धांत १ सप्टेंबर ही तारीख धरतात. ३१ ऑगस्टला जन्मलेला आणि १ सप्टेंबरला जन्मलेला, एका रात्रीच्या फरकानं एक गटाबाहेर आणि दुसरा आत. संघटनेनं त्या वर्षासाठी काढलेल्या नियमावलीत कोणती तारीख छापली आहे ते स्वतः वाचा आणि प्रत्येक दाखल्याशेजारी पेन्सिलीनं खूण करा.

याच वयोगटात पुढे, राज्याच्या संघापर्यंत गेलेल्या मुलांची हाडांची चाचणी होते. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांच्या वाढीवरून वय ठरवतात, त्या पद्धतीला टीडब्ल्यू-थ्री म्हणतात. हे पालकांना आधीच शांतपणे समजावून सांगा. ‘आमच्या मुलावर संशय घेताय का?’ असं म्हणत दुखावलेली आई मी पाहिली आहे. चाचणी सगळ्यांचीच असते, आणि काहींची हाडं दाखल्यावरच्या वयापेक्षा पुढे गेलेली असतात. यात मुलाचा काही दोष नसतो, हे त्याच्यासमोर मोठ्यानं म्हणा. त्याला ते ऐकायची गरज असते.

एक बाब नव्या व्यवस्थापकांच्या ध्यानात येत नाही. आपल्या एका राज्यात रणजीचे तीन संघ आहेत: मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. वडिलांची बदली झाली म्हणून ठाण्याहून किंवा नागपूरहून पुण्यात आलेला मुलगा याआधी दुसऱ्या संघटनेकडे नोंदलेला असू शकतो. पहिल्याच भेटीत त्याला विचारा, ‘आधी कुठे खेळलास, कुणाकडे नोंदणी होती?’ ना हरकत पत्र लागणार असेल तर तो अर्ज मोसमाच्या सुरुवातीलाच जायला हवा.

नियमावली दर वर्षी नव्यानं वाचा, मागच्या वर्षी पाठ असली तरी. दिवसाची षटकं किती, नवा चेंडू कधी, फॉलोऑन (पिछाडीवरच्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजीला लावणं) किती धावांचा. क्रिकेटच्या मूळ नियमांत दोन दिवसांच्या सामन्याला फॉलोऑनसाठी १०० धावांची आघाडी लागते, पाच दिवसांच्या कसोटीला २००. स्पर्धेच्या नियमावलीत वेगळं काही छापलेलं असेल तर तेच चालतं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे गुणांची पद्धत मुलांना समजावून सांगा. दोन दिवसांत दोन्ही डाव क्वचितच पुरे होतात, त्यामुळे बहुतेक वेळा पहिल्या डावाची आघाडी हीच सामन्याची किंमत असते. मुलांना हे पटवायला मी ऑक्टोबर २०१६ मधला वानखेडेवरचा महाराष्ट्र-दिल्ली रणजी सामना सांगतो. स्वप्निल गुगळे नाबाद ३५१, अंकित बावणे नाबाद २५८, तिसऱ्या विकेटसाठी ५९४ धावांची अभंग भागीदारी, २ बाद ६३५ वर डाव घोषित. मुलांचे डोळे विस्फारतात. मग सांगायचं की ऋषभ पंतनं ३०८ केले आणि दिल्लीनं ५९० पर्यंत मजल मारली. एवढ्या डोंगरासमोरही आघाडी राहिली ती ४५ धावांची, आणि आघाडीचे ३ गुण मिळाले तेही तेवढ्यावरच. शेवटच्या जोडीनं जोडलेल्या वीस धावा, लेगबाय म्हणून धावलेली एक धाव, सीमारेषेवर अडवलेला चौकार कशासाठी, ते यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

आता अकरा जणांची यादी. इथे मी जरा थांबणार आहे.

नाणेफेकीआधी कर्णधारानं अकरा नावं लेखी पंचांना द्यायची असतात. एकदा दिली की समोरच्या कर्णधाराच्या संमतीशिवाय त्यात बदल होत नाही. क्रिकेटचा पहिलाच नियम हे सांगतो. काही वर्षांपूर्वी एका सामन्यात आमच्या संघात एकाच आडनावाचे दोघं होते, चुलत भाऊ. मोठा आमचा मुख्य जलद गोलंदाज, धाकटा राखीव. सकाळी उशीर झाला होता, मी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून घाईनं नावं लिहिली आणि मोठ्याच्या जागी धाकट्याचं नाव गेलं. कर्णधारानं न वाचता सही केली. मैदानात उतरताना पंचांनी नावं वाचली तेव्हा चूक उघडी पडली. समोरच्या संघानं संमती दिली नाही. तो त्यांचा हक्क होता, त्यांना मी तेव्हाही दोष दिला नाही. पण तो मुलगा दोन दिवस सीमारेषेबाहेर बसून होता. पाण्याच्या बाटल्या भरत होता, धाकट्या भावाचे पॅड बांधत होता. मला एका शब्दानं बोलला नाही. घरी जाताना पाया पडला, तेव्हा मला त्याच्याकडे वर मान करून बघवेना.

तेव्हापासून मी यादी आदल्या रात्री घरी लिहितो. स्वच्छ अक्षरात, पूर्ण नावानं, वडिलांच्या नावासकट, दोन प्रतींत. शेवटच्या दोन जागा खेळपट्टी बघून ठरणार असतील तर त्या मोकळ्या ठेवतो आणि सकाळी प्रशिक्षकांसमोर भरतो. मग कर्णधाराला यादी मोठ्यानं वाचायला लावतो. प्रत्येक नावाला त्या मुलानं ‘आहे’ म्हणायचं. नाणेफेक खेळ सुरू व्हायच्या अर्धा तास ते पाव तास आधी होते, म्हणून हे वाचन पाऊण तास आधी. मधल्या वेळात यादीला दुसरं काहीही शिवत नाही: फोन नाही, चहा नाही. माझ्या खिशात दोन पेनं असतात, कारण एक नेमकं तेव्हाच चालत नाही.

राखीव मुलांना त्यांची कामं आदल्या दिवशीच सांगा. बदली क्षेत्ररक्षक गोलंदाजी करू शकत नाही. पंचांची परवानगी असेल तर यष्टिरक्षण करू शकतो. त्यामुळे राखिवांत एकाला तरी ग्लोव्ह्जची सवय असलेली बरी. आणि दुसऱ्या दिवशी बारावा गडी बदलून बघा. तोच तोच मुलगा चार सामने पाणी वाहत राहिला तर पाचव्याला तो येत नाही.

किटचं मुलांना नीट कळतं, तुम्ही फक्त विसरण्यासारख्या गोष्टी बघा. हेल्मेटचे स्क्रू घट्ट आहेत का, मोठ्या भावाचं हेल्मेट डोक्यात फिरतंय का, गार्ड आहे का, स्पाइक्सला खिळे आहेत का. स्पाइक्सच्या पान्यासह दोन-चार जादा खिळे, बॅटवर ग्रिप चढवायचा कोन, फेव्हिक्विक, चिकटपट्टी, सुई-दोरा आणि पांढऱ्या पँटची एक जादा जोडी क्लबाच्या बॅगेत कायम असू द्या. पॅड बांधून दोघं तयार बसलेले असावेत. विकेट पडल्यावर पुढच्यानं ३ मिनिटांत खेळायला तयार व्हायचं असतं, आणि तंबूपासून खेळपट्टीपर्यंतचं अंतर नव्या मैदानावर नेहमी जास्तच निघतं. चेंडू कुणी आणायचा ते नियमावलीत बघा. तरीही जुने, निरनिराळ्या षटकांएवढे वापरलेले दोन-तीन चेंडू बरोबर ठेवा. सामन्यात चेंडू हरवला की पंच तेवढाच झिजलेला दुसरा शोधतात. मुलींच्या संघाचं काम तुमच्याकडे असेल तर चेंडूचं वजन सरावापासूनच सांभाळा. त्यांचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा, मुलांचा १५६ ते १६३ चा. मुलांच्या नेटमधला चेंडू उचलून आणला की सामन्यात मुलींचा टप्पा बिघडतो.

प्रवास. सामना शहरात, नेहरू स्टेडियमवर किंवा डेक्कनला असेल तर मुलं आपापली येतात, फक्त वेळ कडक सांगा. गहुंज्याला असेल तर सगळ्यांनी एकत्रच निघायचं. वाकड-रावेतच्या बाजूची सकाळची गर्दी कुणाच्या अंदाजात बसत नाही, म्हणून मी सहाला गाडी हलवतो. सहा म्हणजे सहा. पालकांना पावणेसहा सांगतो. मुलांना पहिल्यांदा तिथे नेताना दहा मिनिटं हातात ठेवा. द्रुतगती मार्गाशेजारचं ते मोठं स्टेडियम बघितल्यावर त्यांची पावलं थबकतात. कोहलीचे २०१९ मधले नाबाद २५४, केदार जाधवचे रणजीतले ३२७ इथलेच. थोडा वेळ बघू द्या, मग खेळायला लावा. सोलापूर, सांगली, जळगाव असा बाहेरगावचा सामना असेल तर आदल्या दुपारपर्यंत पोचा, आणि राहण्याच्या जागी पाणी व संडास कसे आहेत हे फोन करून स्वतः विचारा.

खाण्याबद्दल माझा हट्ट आहे. मैदानाबाहेरचा वडापाव सामना संपल्यावर. सकाळी पोहे किंवा उपमा आणि केळं, जेवणाला घरची पोळी-भाजी किंवा दहीभात, मधे खजूर, राजगिऱ्याची वडी, शेंगदाण्याचा लाडू. डिसेंबरात सकाळी हात गारठतात म्हणून मुलं पाणीच पीत नाहीत आणि दुपारी पायात गोळे येतात. एप्रिलच्या उन्हात तर विचारूच नका. मीठ-साखर घातलेल्या लिंबाच्या पाण्याचा वीस लिटरचा जार आम्ही नेतो. कुणाला दमा आहे, कुणाला कशाची ॲलर्जी आहे, हे फाइलच्या पहिल्याच पानावर हवं, आईच्या फोन नंबरासह. डोक्याला चेंडू लागला तर ‘काही नाही झालं’ हे त्या मुलाचं म्हणणं मानू नका. त्याला बाहेर घ्या, डॉक्टरांना दाखवा, आणि सामना तसाच चालू द्या. सर्वांत जवळचं चोवीस तास उघडं असलेलं रुग्णालय कोणतं, हे आदल्या दिवशी शोधून ठेवा.

पालकांची एक छोटी बैठक आठवडाभर आधी घ्या. सांगायच्या गोष्टी दोनच: सामना चालू असताना कठड्यावरून सूचना द्यायच्या नाहीत, आणि निवड समितीतल्या कुणाशीही मुलाबद्दल बोलायला जायचं नाही. दुसरी गोष्ट सांगायला संकोच वाटतो, तरी सांगा.

उरलं गुणलेखन, आणि क्लबांमध्ये याचीच सगळ्यांत जास्त हेळसांड होते. संघटनेचा गुणलेखक असला तरी आपली वही आपल्याकडे हवीच. एक मुलगा त्यासाठी तयार करा, ज्याला आकडे आवडतात असा. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यातच, पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमन यांच्या ४५२ च्या तेव्हाच्या विश्वविक्रमाला ९ धावा कमी होत्या, आणि काठियावाडनं सामना सोडून दिला. ती खेळी त्या दिवशी ज्यांनी पाहिली ते फार थोडे. आपल्यापर्यंत ती पोचली ती कुणीतरी एकेक धाव नीट मांडून ठेवली म्हणून. वहीवाल्या मुलाला मी ही गोष्ट सांगतो आणि मैदानावरची सगळ्यांत चांगली खुर्ची, सावलीतली, त्याला देतो. दर षटकाला समोरच्या वहीशी बेरीज जुळवायची, नाही जुळली तर तिथल्या तिथे हात वर करायचा. दुसऱ्या दिवशी खेळ संपला की दोन्ही वह्या शेजारी ठेवून गोलंदाजांची पृथक्करणं, अवांतर आणि एकूण धावा मेळात येतात का बघायचं, पंचांची सही घ्यायची, आणि मैदान सोडायच्या आधी सही केलेल्या पानाचा फोटो काढायचा. राज्याच्या निवड चाचणीला मुलाला बोलावतील तेव्हा त्याच्या धावा आणि विकेट्स याच पानावरून लिहायच्या असतात. ते पान फाइलमध्ये घाला, पाकिटांच्या वर.